अकरावा सुरुंग

मला आमच्या घराचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, बापानं स्वतःच्या हातानं बांधलेलं घर, पोरीला केवढं अप्रूप असेल. कसलं डोंबलाचं अप्रूप! काळ्या दगडाच्या चार भिंती, वर पत्रा, पत्र्याला दगड पडून पडून आलेले पोचे, आणि उगवतीच्या अंगाला एक खिडकी नाही. उगवतीला खाण होती. सुरुंग उडाला की दगड तिकडून यायचे, म्हणून ती भिंत दीड हात जाड आणि सलग. सकाळचे नऊ वाजले तरी आई चिमणी लावून भाकरी थापायची.

आमचा माळ शिरूर आणि दौंडच्या मधे, दोन्हीकडून सारखाच लांब. खडीमाळ म्हणतात. रेल्वेच्या रुळांखाली असते ती खडी इथून दौंडला जायची. तेव्हा चाळीस घरं होती, बालवाडी होती, निळ्या झेंड्याचा कट्टा होता, चौदा एप्रिलला शिरूरहून बँड यायचा. चौऱ्याण्णव साली खाण बंद पडली आणि दोन वर्षांत माळ रिकामा झाला. कुणी कुरकुंभला केमिकल कंपनीत लागलं, कुणी दौंडला गेलं, कुणी भांडगावला हायवेच्या कडेला टपरी टाकली. जाताना पत्रे, दारं, चौकटी, सगळं काढून नेलं. राहिली दोन घरं. एक हौसरावमामांचं. त्यांची जुनी जीप होती, आणि अनसामामींचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना हलायचंच नव्हतं. दुसरं आमचं. आम्ही का राहिलो ते कुणाला कळत नव्हतं. विचारलं की आबा एकच बोलायचे, "घर बांधलंय मी."

आठवीत शाळेची सहल इनामगावला नेली होती. घोड नदीच्या काठाला पुण्याच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वीची घरं उकरून काढली होती म्हणे. सर हात करून दाखवत होते, इथं चूल होती, इथं कणगी होती, मग पाऊस कमी झाला आणि माणसं गाव सोडून गेली. मी मनात म्हटलं, बघा, तेव्हाच्या माणसांना अक्कल होती.

आता खाणीची रीत सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुरुंग लावायच्या दिवशी तीन शिट्ट्या व्हायच्या. पहिली झाली की बायकांनी पोरं गोळा करायची, शेळ्या बांधायच्या. दुसरी झाली की घरात शिरून दार लावायचं आणि पोरांना लोखंडी खाटेखाली सारायचं. मग सुरुंग उडायचे. ते उडून गेले की तिसरी शिट्टी, म्हणजे बाहेर यायला मोकळीक. तिसरी होईपर्यंत कुणाचं दूध उतू जावो नाहीतर कुणाचं लेकरू रडून निळं पडो, दार उघडायचं नाही म्हणजे नाही.

सुरुंग पेटवायचे आमचे आबा. शंकरराव सुरुंगवाले म्हटलं की अख्ख्या माळावर मान. वाती ते मुद्दाम कमी-जास्त कापायचे, म्हणजे आवाज सुटे सुटे यावेत. कारण ते आवाज मोजायचे असतात. नऊ भोकं भरली तर नऊ आवाज आले पाहिजेत. आठच आले तर एक मुका राहिला, दारू आत जिवंत आहे, पहार लागली की माणूस गेला. मग शिट्टी द्यायची नाही आणि खाली कुणी उतरायचं नाही. सुरुंगवाल्याचा आकडा तोच आकडा. मुनीम असो की मालक, त्याच्यापुढं कुणी चकार शब्द काढायचा नाही.

आईची वेगळीच रीत होती. सकाळी आबा निघाले की ती विचारायची, "आज किती?" आबा आकडा सांगायचे. दुसऱ्या शिट्टीला ती तेवढे चवळीचे दाणे ओच्यात घेऊन चुलीपाशी बसायची. एक आवाज झाला की एक दाणा पातेल्यात. शेवटचा दाणा पडला की उठायची, तोंडावर पाणी मारायची. संध्याकाळी त्याच दाण्यांत आणखी घालून कालवण. आबांना यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर हसले असते, आणि आईला कुणी हसलेलं खपत नाही. मी खाटेखालून बघायचे.

खाणीच्या शेवटच्या दिवशी आईच्या ओच्यात अकरा दाणे होते. मी तेरा वर्षांची होते, मोजल्याशिवाय मला चैनच पडायची नाही. सुरुंग उडाले. आई उठली, तोंड धुतलं, दाराशी जाऊन उभी राहिली. तिसरी शिट्टी काही होईना. खूप वेळानं बाहेर पळापळ ऐकू आली आणि हौसरावमामांचा आवाज आला, "पाणी लागलं! खाणीला पाणी लागलं!" खालून मोठा झरा फुटला होता. संध्याकाळपर्यंत खाणीचा तळ बुडाला. आठ दिवस मालकानं पंप चालवला, मग कांप्रेसर, मशीन, ट्रान्सफॉर्मर, सगळं उचलून तो जो गेला तो गेलाच. त्या धांदलीत शिट्टी द्यायची राहून गेली, असं आम्ही सगळे धरून चाललो.

पुढची नऊ वर्षं आबा रोज सकाळी काठी घेऊन, गळ्यात शिट्टी अडकवून खाणीवर जायचे. काठाला त्यांनी चुना फासलेले दगड मांडले होते, त्याच्या आत कुणी पाऊल टाकलं की शिट्टी. मेंढरं आली, शिट्टी. फाट्यावरची पोरं पोहायला आली, शिट्टी आणि शिव्या. उरलेल्या वेळात ते कुणाच्या बांधाला, कुणाच्या विहिरीला दगड घडवून द्यायचे. आई लोकांच्या रानात खुरपायला जायची, चार किलोमीटर चालत. दौंडच्या मावशीनं दोनदा खोली बघून ठेवली. दोन्ही वेळा आईनं आबांकडे बघितलं, आबांनी जमिनीकडे बघितलं, आणि खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली.

आणि आमच्या घरात हळू कुणी बोलायचंच नाही. मला वाटायचं, दगडात राहणारी माणसं अशीच ओरडून बोलतात. बीएस्सीला शिरूरच्या वसतिगृहात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मोनाली म्हणाली, "गौतमी, मी इथंच बसलेय गं, पलीकडच्या गावात नाही." मला असा राग आला! पण नंतर तीच माझी सगळ्यात जवळची मैत्रीण झाली.

ही मोनाली पुढं कुरकुंभला औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये लागली. तिनंच माझा अर्ज भरला. इंटरव्ह्यूला मी फाट्यापर्यंत चालत गेले, पायातल्या चपला हातात घेऊन, धुळीनं खराब होऊ नयेत म्हणून. आणि दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत हौसरावमामांनी जीप थेट आमच्या दारात आणून उभी केली, हॉर्नवरचा हात काढेचनात.

"चांगुणाताई, पोरगी लागली की गं! ह्ये बघ, कंपनीचं पत्र!"

केमिस्ट ट्रेनी. एक मार्चला हजर राहणे. तीन शिफ्ट. मोनालीच्या खोलीत माझी कॉट आधीच ठरलेली. त्या खोलीला पूर्वेला खिडकी आहे, हे मी तिला खास विचारून घेतलं होतं. आईनं पत्र उलटं-सुलटं करून बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाई. तू तरी जा." त्या 'तरी'कडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

आबा संध्याकाळी आले. मी पत्र वाचून दाखवलं, ओरडूनच. ते खोकत होते. दोन वर्षांपासून त्यांच्या छातीत दगडाची भुकटी बसलीय, असं दौंडच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. चार पावलं चालले की थांबावं लागायचं. पत्र त्यांनी घडी करून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाले, "उद्या माझ्यासंगं खाणीवर चल."

सकाळी गेलो. वाटेत तीनदा बसले. चुन्याच्या दगडांपाशी आल्यावर मी सवयीनं थांबले, तर म्हणाले, "ये. आज आत ये." बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या काठावर उभी राहिले. दोन वर्षं पाऊस नव्हता, पाणी कितीतरी खाली गेलं होतं. ओल्या कातळाची एक पायरी उघडी पडत चालली होती.

"ती पायरी बघितली?" आबा म्हणाले. "शेवटल्या दिशी अकरा भोकं भरली. अकरा वाती पेटवल्या ह्या हातानं. धा वाजले. अकरावा वाजला न्हाई."

मला क्षणभर कळेचना. "म्हणजे?"

"म्हंजी मुका राह्यला. त्या पायरीत हाय त्यो. म्हणून शिट्टी न्हाई दिली मी. अर्धा तास थांबायचं असतं, मग बघायचं. तवर पाणी लागलं. मालकाला सांगितलं. त्यो म्हनला, बुडालं ते बुडालं, तोंड उघडू नकोस. लायसन दुसऱ्याच्या नावावर व्हतं आन् पेटवायचो मी. पोलिसात गेलो असतो तर पहिला मीच आत."

"आबा, नऊ वर्षं त्यासाठी..."

"मग काय करू? सोडून जाऊ? एखाद्या लेकराचा हात जायचा, जीव जायचा, मग?" त्यांना खोकला आला. तो थांबेपर्यंत मी काठाच्या चुन्याकडे बघत होते. "आता ग्रामपंचायतीनं ठरवलंय, खाणीतला गाळ काढायचा, कातळ फोडून खोल करायची, टँकर भरायचे. पुढच्या म्हैन्यात माणसं पहारी घिऊन उतरतील. त्यांना अडवायला पायजे कुणीतरी. माझ्यानं आता हितवर येणं हुईना, गौतमे. पाणी परत चढस्तोवर थांब. दोन वर्सं. लई तर तीन."

"आणि माझी नोकरी?"

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. बापाला बोलू नये असं बोलले. मी केमिस्ट्री काय खड्ड्याची राखण करायला शिकले का, असंही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. निदान मला वाटलं तरी तसं. शेवटी म्हणाले, "आईला सांगू नको. ती घाबरंल. तिचा ह्या घरावर लई जीव हाय, तिला वाटतं मी घरासाठी थांबलोय. ऱ्हाऊ दे तसंच."

शिट्टी घेऊन घरी आले. खरं सांगते, मला पळून जावंसं वाटलं. हौसरावमामांना म्हटलं असतं तर त्यांनी तासाभरात फाट्यावर सोडलं असतं. पण आता मला माहीत होतं ना! न कळता गेले असते तर गोष्ट वेगळी. पंचायतीला खरं सांगावं तर आबाच आत जाणार. मी कुरकुंभला बाटल्यांवर लेबलं लावत बसणार आणि इकडं कुणीतरी त्या पायरीवर पहार घालणार. कुणीतरी म्हणजे ओळखीचंच, फाट्यावरचं, माझ्या वर्गातलं. आबांनी मला खिळ्याला टांगून ठेवलं होतं. स्वतः ज्या खिळ्याला नऊ वर्षं टांगून घेतलं होतं, त्याच खिळ्याला.

आठ दिवस मी रोज खाणीवर गेले. मेंढपाळ आले, शिट्टी वाजवली. ते हसले. "आता पोरीला बसवलं व्हय शंकररावांनी?" एक जण म्हणाला. ऊन डोक्यावर यायचं, काठावर एक झाड नाही, आणि मी हिशोब करायचे, दोन वर्षांनी मी चोवीस, तीन वर्षांनी पंचवीस. पाऊस नाही झाला तर? नवव्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहायला बसले की घरगुती अडचणीमुळे येता येत नाही. 'घरगुती' हा शब्द लिहिला आणि पेन भिंतीवर फेकून मारलं. त्याच उगवतीच्या भिंतीवर.

आई चुलीपाशी सूप घेऊन चवळी निवडत होती. आबा बाहेर दगड घडवत होते, छिन्नीचा आवाज येत होता.

"काय झालं गं? आठ दिवस बघतीय, तोंड पाडून बसलीयस. पिशवी भरायची सोडून त्या खाणीवर काय करतीस? आन् त्येंची शिट्टी तुज्याकडं कशी?"

"काही नाही."

"काय न्हाई तर पेन का फेकलंस? मला काय डोळं न्हाईत?"

मग मी सांगितलं. आबांनी सांगू नको म्हटलं होतं, पण ते मला गिळताच येईना. म्हटलं, "आई, मी कुठं जात नाही. खाणीत एक मुका सुरुंग आहे. शेवटच्या दिवसाचा. अकरा पेटवले, दहाच वाजले. आबा नऊ वर्षं त्याची राखण करतायत, आणि आता मी करायचीय."

आईचा हात सुपात थांबला.

"कुठला मुका?"

"अकरावा."

"अकरावा कसा मुका? अकरा वाजले की!"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिनं सूप खाली ठेवलं.

"अकराच्या अकरा वाजले. माज्या ओच्यात अकरा दाणं व्हतं. शेवटलं दोन येका पाठोपाठ येक आलं, धाड्-धाड्, इतकं जवळ की माजी गडबड झाली आन् दोन्ही दाणं येकदम पडलं हातातनं. पातेल्यात गेलं. ओच्यात येक न्हाई राह्यला. उठून तोंड धुतलं मी. तू बघत न्हवतीस का खाटंखालनं?"

बघत होते. मी बघत होते! अकरा दाणे मोजले होते, आईला उठताना बघितलं होतं. शेवटचा दाणा पडल्याशिवाय आई कधीच उठायची नाही, हे मला माहीत होतं. आणि या आठ दिवसांत एकदाही ते आबांच्या आकड्याशी जोडून बघितलं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत या घरावर चिडण्यात माझं डोकं गेलं होतं.

"मग आबांनी दहा कसे मोजले?"

"त्येंचा कान," आई म्हणाली. मग तोंडावर हात ठेवला. "तवाच गेलता गं त्येंचा कान. त्या वर्षी मी पाठीमागनं हाका मारायची न्हाई, पुढं जाऊन उभी ऱ्हायची. सुरुंगवाल्याचा कान गेला म्हटल्यावर काम गेलं असतं. म्हणून त्ये बी बोलले न्हाईत, आन् मी बी न्हाई."

"आई, तू आकडा का नाही सांगितलास? तेव्हाच का नाही म्हणालीस, अकरा वाजले म्हणून?"

"मला कुणी इचारलं?" आई म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. उठली, सुपातली मूठभर चवळी पदरात टाकली आणि बाहेर गेली. मी तिच्यामागं.

आबा अंगणात पाठमोरे बसले होते. आई पुढं जाऊन उभी राहिली. "अवं, त्या दिशी अकरा वाजले."

आबांनी छिन्नी खाली ठेवली. माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "धा," ते म्हणाले.

"अकरा. शेवटलं दोन जोडीनं आलं."

"तू घरात व्हतीस, दार लावून. मी खाणीवर व्हतो. तू मला शिकवतीस?"

"शिकवत न्हाई. हे बघा." तिनं पदर उघडून चवळी दाखवली, आणि सगळं सांगितलं. रोजचा आकडा, रोजचे दाणे. बारा वर्षं तिनं हे केलं होतं आणि नवऱ्याला पहिल्यांदा सांगत होती, तेही ओरडून. आबा हसले नाहीत. पण मान हलवत राहिले. "बाईमाणसानं चवळीवर मोजलं, म्हणून मी माणसं खाली उतरवू? सुरुंगवाल्याचा आकडा तोच आकडा, चांगुणे."

तेव्हा आईनं खाली वाकून दोन दगड उचलले.

"पाठ करून बसा," ती म्हणाली. "मी दगडावर दगड मारती. किती वाजलं सांगा."

"ह्यो काय पोरखेळ लावलाय?"

"बसा म्हंते ना!"

आई आबांवर कधी ओरडली नव्हती. म्हणजे ओरडून बोलायची, पण ओरडली नव्हती. आबा वळून बसले.

आईनं एकदा मारला. "येक," आबा म्हणाले. तिनं दोनदा मारला, मधे दम घेऊन. "दोन." आबा गालात हसले. मग तिनं लागोपाठ मारले. धाड्-धाड्. मला दोन्ही स्वच्छ ऐकू आले. पलीकडच्या दारात बसलेल्या अनसामामींनाही आले असतील.

"येक," आबा म्हणाले.

आईनं माझ्याकडे बघितलं. पुन्हा मारले, दोन.

"येक."

पुन्हा.

"येक. येकच मारतीयस की सारखी. पुढं?"

पुढं काहीच झालं नाही, म्हणून आबा वळले. आईनं दोन बोटं वर केली होती. आबांनी बोटांकडे बघितलं, तिच्या हातातल्या दगडांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. दोन, आबा. तिन्ही वेळा दोन.

मला वाटलं होतं, खरं निघालं तर मला आनंद होईल, उड्या मारत पिशवी भरेन. पण माझ्या बापाचं तोंड बघून मला पिशवी आठवलीसुद्धा नाही. नऊ वर्षं. मावशीच्या दोन खोल्या, आईचे रोजचे आठ किलोमीटर, छातीतली भुकटी घेऊन काठावर काढलेली उन्हं. आणि तिथं काहीही नव्हतं. पाणी होतं नुसतं.

"म्हंजी शिट्टी द्यायला पायजे व्हती," ते शेवटी म्हणाले. "त्याच दिशी."

"व्हय."

"मग तू का थांबलीस? बहिणीनं बोलावलं व्हतं तुला. मला वाटलं, तुजा घरावर जीव हाय."

"कुणी सांगितलं?" आई म्हणाली. "ह्या घरावर? खिडकी न्हाई का काय न्हाई, डोळं गेलं माजं धुरानं. येक दिवस आवडलं न्हाई मला हे घर. तुम्ही बांधलंय, तुमचा जीव हाय, म्हणून गप ऱ्हायले."

"माजा?" आबा म्हणाले. "मला तर ह्या दगडाचा वीट आलाय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मी तिथं उभी राहून दोघांना शिव्या द्याव्यात की दोघांना धरून रडावं, मला समजेना. शेवटी रडलेच.

मग आबांनी माझ्यापुढं हात केला. मला वाटलं, उठवायला. पण त्यांना शिट्टी हवी होती. मी गळ्यातून काढून दिली. त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि आईला दिली.

"तू वाजव. आकडा तुजा हाय."

"मला कुठं येती?"

"फुंक नुसती."

आईनं ओठाला लावली. पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदा तिनं गाल फुगवून जोर लावला आणि शिट्टी अशी वाजली की छपरावरची कबुतरं उडाली. ती माळभर गेली, खाणीत गेली, तिकडून परत आली.

आबा आईच्या तोंडाकडे बघत होते. "वाजव की," ते म्हणाले.

आई थिजली. मीही. तिनं पुन्हा फुंकली, आणखी जोरात. आबा वाट बघत होते.

नऊ वर्षं ते ती शिट्टी रोज वाजवत होते आणि त्यांना ती ऐकूच येत नव्हती.

तेवढ्यात पलीकडे अनसामामी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, चौकटीला धरून, हळूहळू उंबऱ्याबाहेर आल्या, अंगणात उभ्या राहिल्या, आणि डोळ्यावर हात धरून खाणीकडे बघायला लागल्या, जसं सगळा माळ तिसऱ्या शिट्टीला बाहेर यायचा तसं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप निघाले असतील.

आबांनी त्यांना बघितलं.

"वाजली," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले.

मी डोळे पुसले, आत गेले आणि खाटेखालची पिशवी ओढून काढली.